दांड्यांना हात लावू नका

ता. ६ ऑक्टोबर, सोमवार
कारखाना, जेवणाची सुट्टी

पोरी,

आशीर्वाद आहेतच, ते काही आटत नाहीत. पण तू समजतेस कोण स्वतःला? बुधवारी बाबांना फोन केलास, दोन मिनिटं बोललीस, त्यातलं दीड मिनिट काय, तर "बाबा, त्या दांड्यांना हात लावू नका, हाताला आराम द्या." आणि वर मनगटाला बांधायचा तो निळा पट्टा पार्सलने पाठवलास. सोबत दोन ओळी नाहीत, कशा आहात नाही, काही नाही. पट्टा बघून ते म्हणाले, "पोरीनं पाठवलाय, बांध." मी बांधला. तेव्हापासून त्या माणसाने खेळाच्या दांड्यांना हात लावलेला नाही. खुर्चीत बसतात, समोर कॉम्प्युटर बंद, आणि त्या काळ्या काचेत बघत राहतात. काल रविवार होता. चार वाजले तेव्हा मी विचारलं, "लावू का?" तर म्हणतात, "नको. ती रागावेल."

कोण रागावेल? जी सतरा महिने त्या खेळात एकदा फिरकली नाही, ती?

राग आलाय म्हणून लिहायला बसले. फोनवर सांगितलं असतं, पण माझा नंबर दिसला की तू "कामात आहे" म्हणून ठेवतेस. आणि घरातून बोलायची सोय नाही, आपल्या दीड खोलीत मी कुजबुजले तरी त्यांना ऐकू जातं. कान चांगले आहेत अजून. म्हणून हे कारखान्यात, डबा बाजूला सारून. तुला माहीत आहे मी चौथीपर्यंतच गेले, आपल्या घरातलं लिहिण्याचं सगळं खातं बाबांकडे. तेव्हा अक्षर लागलं नाही तर मोठ्याने वाच, लागेल. समोर कटिंगवाली बाई बसली आहे. मघाशी विचारते, "मृत्युपत्र लिहितेस काय गं?" म्हटलं, "हो, तुझ्या नावावर माझी बोथट कात्री लिहिते, गप जेव."

बाकी ठीक आहे असं लिहायचं असतं. मी ठीक आहे. गुडघा दुखतो. कारखान्यात सध्या दवाखान्याच्या कपड्यांचं काम आहे, हिरव्या कापडाचे ढीग, दिवसभर नुसत्या बाह्या लावते. नळाचं गळणं थांबलं, मीच वॉशर बदलला. बाबा

बाबांचं नंतर लिहिते. आधी त्या खेळाचं.

तुला वाटतं आईला त्यातलं काय कळतंय. तुम्ही दोघं अंतराळात उडत बसायचात आणि मी मागून ओरडायचे, जेवण थंड होतंय, ते यान जरा रस्त्याच्या कडेला लावा. आठवतं ना? तर आता ऐक. त्या खेळात दोनशे चाळीस ओळी आहेत. कुठल्या बटणाने काय व्हायचं, कुठली दांडी कुठे ओढली की यानाने काय करायचं. त्या सगळ्या ओळी मी एकदा नाही, चार वेळा लावल्या आहेत. इंग्रजी मला येत नाही. ते वाचायचे, मी बाण तिथे न्यायचे. आणि माझ्या मापाच्या वहीत, जिथे छाती कंबर बाही लिहिते, त्याच पानांवर मराठीत लिहून ठेवायचे. नाक वर. नाक खाली. लोळणे. बाजूला सरकणे डावीकडे. थांबणे.

पहिल्यांदा का लावावं लागलं ते सांगते. तू गेलीस त्याच संध्याकाळी मी सगळ्या तारा उपटल्या. दोन्ही दांड्या, पायाखालच्या फळ्या, कानाला लावायचं ते, सगळं गव्हाच्या रिकाम्या पोत्यात भरून माळ्यावर टाकलं. त्यांना म्हटलं, हात बरा होईपर्यंत हे बंद. त्यांनी खुर्ची भिंतीला लावली. तुला माहीत आहे ते कसे आहेत, क्रेनवर बावीस वर्षं काढली, खालून सिग्नल दिला नाही तर वरून हलायचं नाही.

सहा महिने पोतं माळ्यावर होतं. मग नोव्हेंबरात मी ते खाली काढलं. का काढलं, ते पुढे लिहिते, थांब जरा.

तारा परत लावल्या. मला काय ठाऊक कुठली तार कुठल्या भोकात होती, चार भोकं होती, चार तारा होत्या, बसल्या. आणि यानाला वेड लागलं. त्यांनी उजवी दांडी मागे ओढली की नाक वर जायच्या ऐवजी ते आडवं सरकायचं. पायाची फळी दाबली की गोळ्या सुटायच्या. यानं उतरतात त्या तळाच्या दाराशी उभ्या असलेल्या कुणा बिचाऱ्याच्या यानाला दोन लागल्या, तर तिथल्या तोफांनी आमचाच भुगा केला. बाबा इतके हसले की ठसका लागला. म्हणाले, "अगं, तू यान पाजून आणलंस काय कुठून?" त्या महिन्यात ते पहिल्यांदा हसले होते, म्हणून मी पण हसले, नाहीतर मला चूक माझी असली की हसायला येत नाही.

कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. तो म्हणाला, "मावशी, तार कुठल्या भोकात आहे त्यावर त्याची ओळख असते. भोक बदललं की त्याला डावं कुठलं आणि उजवं कुठलं कळत नाही. आता सगळं नव्याने शिकवायचं." म्हटलं, शिकवू. घरी येऊन आधी तारांना दोरे बांधले, उजवीला लाल, डावीला निळा, फळ्यांना पांढरा, आणि भोकांच्या बाजूला त्याच रंगाची चिंधी चिकटवली. तुम्ही दोघं एवढे हुशार, तुम्हाला कधी सुचलं नाही.

मग शिकवलं. तेव्हा कळलं की दोन दांड्या कशाला. तू आधी आणलेलं, एक दांडी आणि एक वेग वाढवायचा खटका असलेलं, ते त्यांनी तुला परत करायला लावलं होतं. "क्रेनला दोन दांड्या असतात, मला दोनच हव्यात." मला तेव्हा वाटलं, म्हाताऱ्याचे लाड. पण ते बरोबर होते. डावीने यान पुढे मागे, बाजूला, वर खाली सरकतं, उजवीने ते तोंड फिरवतं. क्रेनसारखंच. एका हाताने हूक सरकवायचा, दुसऱ्याने बूम, तो क्रेनचा लांब हात. आणि उजवी मागे ओढली की नाक वर, ह्यावरून तुम्ही दोघं किती भांडायचात! तू म्हणायचीस पुढे ढकललं की वर. एका खुर्चीवर दोघं, तू उठलीस की ते उलटं करायचे, ते उठले की तू सुलटं. मी ते त्यांच्या बाजूनेच ठेवलंय. तुला आवडो न आवडो.

जानेवारीत ते म्हणाले, दांडी जड लागते. मी परत दुकानात. त्याने सात आठ दांड्या मांडल्या. "ही बघा, हिला चोवीस बटणं आहेत. ही बघा, हिला दिवे आहेत." मी प्रत्येक दांडी करंगळीने ढकलून बघत होते. तो बघतच राहिला. म्हटलं, "बाबा रे, मला बटणं नकोत, मऊ पाहिजे." मऊ एकही नव्हती. सगळ्या जवान माणसाच्या हातासाठी केलेल्या. तर घरी येऊन आपलीच उजवी दांडी उघडली, मशीनच्या बारक्या पेचकसाने. आत दोन स्प्रिंगा, एक जाड, तिच्या पोटात एक बारीक. जाड काढून टाकली. झाली मऊ. पण मग ती मधे नीट उभी राहीना, थोडी कलायची, आणि यान आपलं आपण हळूहळू एका बाजूला वळत राहायचं, कुणी हात न लावता. त्याला एक ओळ आहे. दांडी मधल्या जागेत थोडी हलली तरी यानाने ते मनावर घ्यायचं नाही. बाबांनी वाचलं आणि सांगितलं, इंग्रजीत त्याला मेलेली जागा म्हणतात. म्हटलं, घरात असलं बोलायचं नाही. मी वहीत "ढील" लिहिलं. कपड्यात ठेवतो तशी ढील. नव्हती तिथे दिली, सात टक्के.

आणि ती वाकडी रेघ! ती मला कुणी समजावून सांगावी लागली नाही. पडद्यावर ती आली आणि मी म्हटलं, हा तर मुंढा. बाही लावताना मुंढ्याचा गोलावा कसा, आधी हलका हलका आणि मग एकदम चढ. दांडी थोडी हलवली तर यान थोडंच हलतं, जोरात ढकलली की सुटतं. तशीच रेघ तू काढली होतीस, नाजूक काम करणाऱ्या हातासाठी. मला ती उलटी करावी लागली. थोडं हलवलं की पुष्कळ हलावं अशी. त्यांच्या बोटाचं एवढंसं ढकलणं यानाने पूर्ण धरावं अशी.

फेब्रुवारीत पायाच्या फळ्या काढल्या. लोळायचं, म्हणजे यान कुशीवर वळवायचं काम उजव्या दांडीच्या पिळण्यावर दिलं.

एप्रिलमध्ये पिळणं काढलं. लोळायचं सोडूनच दिलं. ते म्हणाले, "सरळ उडू, काही बिघडत नाही."

जूनमध्ये उजवी दांडी काढली. सगळं डावीवर आणलं. अंगठ्याशी एक बटण, ते दाबून धरलं की दांडी सरकवते, सोडलं की वळवते. तीन आठवडे लागले ते बसायला.

ऑगस्टमध्ये अंगठा गेला.

पोरी, आता तुला कळलं असेल की मी कसली यादी लिहिते आहे. तुझे बाबा माझ्यापेक्षा हुशार, तू त्यांच्याहून हुशार. कळलं असेल. दवाखान्याचा कागद मी ह्या पाकिटात घालते, त्यात इंग्रजीत त्याचं नाव आहे, मला ते म्हणता येत नाही. मेंदूकडून हाताला, पायाला, जिभेला ज्या नसा जातात त्या सुकत जातात. आधी उजवा हात. मग बाकीचं. डोकं शाबूत राहतं, ऐकू येतं, दिसतं, हसू येतं, रडू येतं. बरं होत नाही. मनगटाचा पट्टा त्याला काय करणार?

हे मला गेल्या ऑक्टोबरात कळलं. वर्ष झालं. ते म्हणाले, "तिला सांगू नकोस, नवीन नोकरी आहे, सोडून येईल." मी म्हटलं बरं. आणि वर्षभर मूग गिळून बसले.

पण ते कारण नाही. मी त्यांच्या त्या एका वाक्यामागे लपून बसले होते. कारण दुसरं आहे, आणि ते लिहायलाच हा कागद घेतलाय, उगाच पाच पानं बाह्या आणि स्प्रिंगा सांगत बसले.

डॉक्टरीणबाईंनी सगळं सांगितलं तेव्हा बाबा दुसऱ्या खोलीत कपडे घालत होते. मी बाईंना एकच प्रश्न विचारला. "तो खेळ खेळून खेळून झालं का हे? पोरगी त्यांना तासन्‌तास खेळवायची." त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "नाही हो. खेळाचा ह्याच्याशी काडीचाही संबंध नाही. झेपेल तोवर खेळू द्या, तेवढंच मन रमेल." मी बाहेर बाकावर येऊन बसले. फोन हातात होता. तुझा नंबर काढला. आणि ठेवला.

तू गेलीस त्या दुपारी मी तुला काय बोलले ते मला शब्द न् शब्द पाठ आहे. क्रेनवरून पाइपांचा गठ्ठा सुटला होता, खाली कुणी नव्हतं म्हणून निभावलं, आणि कंपनीने बाबांना सही करायला बोलावलं होतं, आता क्रेन नाही, स्टोअरमध्ये बसा. ते घरी नव्हते. तू त्यांच्या खुर्चीच्या बाजूला बसून तारा नीट गुंडाळत होतीस. मी दारात उभी राहून म्हटलं, "तुझ्या खेळण्यांनी माझ्या नवऱ्याचा हात खाल्ला. आज कुणी मेलं असतं तर तुझ्यामुळे मेलं असतं." तू वर बघितलंस. मला वाटलं भांडशील. तू कधी भांडायची राहिली नाहीस माझ्याशी. पण तू ती तार पूर्ण गुंडाळलीस, टेबलावर ठेवलीस, बॅग भरलीस. दारात एवढंच म्हणालीस, "बाबांना सांग, ऑफिसातून बोलावणं आलं." म्हणजे जाताना पण मलाच झाकून गेलीस.

मी त्यांना तेच सांगितलं. ऑफिसातून बोलावणं आलं. त्यांना आजपर्यंत तेवढंच माहीत आहे.

आणि मग पाच महिने मला ते खरंच वाटत होतं. देवाशपथ खरं वाटत होतं, की हात तुझ्यामुळे गेला. पण त्या बाकावर बसले तेव्हापासून खोटं आहे हे माहीत होतं. तरी फोन केला नाही. आज करू, उद्या करू. मला "चुकले" म्हणायला जमत नाही, तुला माहीत आहे, कारखान्यात उलटी बाही लागली तरी मी आधी कापडाला शिव्या घालते. पण तेवढंच नव्हतं. तुझ्यावर चिडलेली होते तेव्हा मला बरं होतं. कुणीतरी केलंय हे, असं वाटलं की माणूस उभं राहतं. कुणीच केलेलं नाही, असंच झालंय, हे घेऊन मी कुठे जाऊ? म्हणून तुला तिथेच ठेवलं. तू तिकडे एकटी मनाशी म्हणत असशील, मी बाबांचा हात घालवला, आणि मला माहीत होतं, आणि मी तुला म्हणू दिलं. एक वर्ष.

बुधवारी तू फोनवर म्हणालीस दांड्यांना हात लावू नका, तेव्हा फोन मीच त्यांच्या कानाशी धरला होता, तो त्यांना आता धरता येत नाही. मी ऐकत होते. ते तुझं बोलणं नव्हतं, माझं होतं. ते वाक्य तुझ्या तोंडात मीच घातलंय.

कटिंगवाली विचारते आहे काय झालं. डोळ्यात कापडाचा धागा गेला म्हटलं.

आता बाबांना काय वाटतं ते ऐक. तू तिकडून, तुझ्या कॉम्प्युटरवरून, रविवारी चारला यायचीस त्या तळापाशी ते दर रविवारी जातात. जायचे, तुझा पट्टा येईपर्यंत. तळ फिरत असतो, त्याला हिरवे दिवे आहेत, त्याच्या दाराबाहेर थांबायचे. आत जाऊन उतरायला आता जमत नाही, दारावर आपटतं, म्हणून बाहेरच. डाव्या हाताची दोन बोटं चालतात, तेवढ्यात थांबून राहता येतं. मित्रांची यादी पडद्यावर उजवीकडे उघडी ठेवायला लावतात, तिथे तुझ्या नावापुढे राखाडी ठिपका. पाच वाजले की म्हणतात, "आज क्लीनरला सुट्टी नसेल." तुला अजून क्लीनरच म्हणतात. एकदा मी चिडून म्हटलं, "कशाला वाट बघता, ती येत नाही." तर म्हणाले, "अगं, मी आता हळू झालो ना. तिला माझ्यासाठी थांबत थांबत जावं लागायचं. कंटाळली असेल पोर. चूक तिची नाही." मी उठले आणि नळाखाली भांडी आपटत बसले. तेव्हा तरी सांगायचं होतं. नाही सांगितलं.

पुढच्या सोमवारी, तेरा तारखेला, सकाळी आठ वाजता त्यांच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवणार. श्वासाला जोर लागत नाही आता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या नळीनंतर आवाज राहील असं धरून चालू नका. आत्ताच शब्द चिकटतात, स आणि र कळत नाहीत, मला कळतात, तुला दोन मिनिटांच्या फोनवर काय कळणार, आणि तुझा फोन असला की ते आधी मनात चार वेळा म्हणून मगच बोलतात, म्हणून कमी बोलतात. तुला वाटलं असेल रुसलेत.

म्हणजे रविवार एकच राहिला.

मागच्या महिन्यात ते म्हणाले, मोठ्या यानांना बाजूला दुसरी खुर्ची असते. तिथे बसणाऱ्याला काही चालवावं लागत नाही, नुसतं बघायचं. म्हटलं, मग तिला सांगा ना, घे म्हणावं. तर म्हणाले, "नको. चालवता येत नाही म्हणून बाजूला बसतो, असं कसं सांगू?" बावीस वर्षं वर बसलेला माणूस. तो मागणार नाही. मी मागते, ह्या रविवारी चारला.

मी त्याची सगळी तयारी केली आहे. पडद्यावरचा कॅमेरा त्यांची मान बघतो, मान इतकीशी वळली की खेळात पूर्ण मागे वळून बघता येतं, तिथेही मी तो मुंढा उलटाच लावलाय. मानेला पण ढील ठेवली आहे, नाहीतर श्वासाबरोबर आकाश हलतं. बोलायला बटण दाबून धरावं लागायचं, ते काढून टाकलं, आता आवाज केला की आपोआप जातो. नळ बंद ठेवीन. कटिंगवालीला सांगितलंय रविवारी आमच्याकडे फिरकायचं नाही.

दांडी एकही जोडलेली नाही. ती तू धर. नाक वर करायला मागे ओढायचं का पुढे ढकलायचं ते तुझं तू ठरव, ते आता भांडायचे नाहीत. भांडले तर बरंच.

नोकरी सोडून ये असं मी म्हणत नाही. तेराला दवाखान्यात ये असंही म्हणत नाही, ते तुझं तू बघ. माझ्याशी बोल असंही म्हणणार नाही. मला माफ कर असं लिहायला घेतलं होतं, ते खोडलं, कारण तसं लिहिलं की तुला उत्तर द्यावं लागेल, आणि मला उत्तर दुसऱ्याच गोष्टीचं हवं आहे.

ते हे. मी तुला काय बोलले, हे त्यांना सांगायचं आहे. तू का येत नाहीस, ते कंटाळून नाही, हे त्यांना कळल्याशिवाय त्यांनी गप्प व्हायचं नाही. ते तू सांगणार की मी? तुला स्वतः सांगायचं असेल, त्या बाजूच्या खुर्चीत त्यांना बसवून, तुझ्या शब्दांत, तर तुझा तो हक्क आहे, मी मागे उभी राहून ऐकेन आणि मधे एक अक्षर बोलणार नाही. तू नको म्हणालीस तर मी सांगेन.

कुरिअरवाला म्हणतो बुधवारी पोचेल. शुक्रवारी दहा तारखेला संध्याकाळी सहाच्या आत कळव. एक ते दीड सुट्टी असते, तेव्हा माझ्या फोनवर कर, मी गेटबाहेर जाऊन घेईन. बोलायचं नसेल तर "मी" किंवा "तू" एवढं एकच अक्षर पाठव, मला वाचता येतं.

सहापर्यंत काही आलं नाही तर मी शनिवारी सकाळी त्यांना उशीला टेकवून बसवीन आणि सगळं सांगेन. त्यांना माझ्यावर ओरडायचं असणार. सतरा महिन्यांचं ओरडणं आहे, त्याला दोन दिवस तरी आवाज पुरायला हवा. म्हणून शुक्रवार. त्यापुढे मी थांबणार नाही.

तुझं काही चुकलेलं नव्हतं,
हे उशिरा लिहिणारी,
आई